पंचनामा

मी, मनोहर कृष्णाजी टिपणीस, वय अडुसष्ट,
धंदा निवृत्त, राहणार चरई, ठाणे,
रविवारी दुपारी सव्वा वाजता
मुलगा, सून आणि नात यांच्या समक्ष
बारवीच्या रस्त्याला, चोणच्या अलीकडे,
एका खानावळीत जेवलो.

जागेची चतुःसीमा:
पूर्वेस विहीर,
पश्चिमेस जांभळाची दोन झाडं,
उत्तरेस ओढा...
इथवर आलो आणि लक्षात आलं,
ही चतुःसीमा मी आधी एकदा लिहिली आहे.
तेव्हा शेड नव्हती, बाकडी नव्हती,
हात धुवायला नळ नव्हता.
झाडं हीच.

सून म्हणाली, बाबा, इथली जांभळाची वाईन नावाजलेली आहे,
लांबलांबून गाड्या येतात.
भिंतीवर काचेत परवाना,
त्याला चंदनाचा हार,
जणू घरातलं कुणी गेलंय.
खालची सही आमच्याच खात्याची.
ती सही नवीन होती तेव्हा
माझ्या टेबलापाशी उभी राहून मसुदे शिकायची.

"सदर इसमाच्या झोपडीमागे
मातीच्या सात मडक्यांत आंबवलेले रसायन,
अंदाजे चाळीस लिटर, मिळून आले.
पंचांनी वास घेऊन खात्री केली.
मडकी फोडून माल जागीच नष्ट केला."

माझं अक्षर चांगलं होतं.
वरचे लोक कौतुक करायचे.
काही गोष्टींना मात्र रकानाच नव्हता:
की ओढा त्या दुपारी जांभळा झाला,
की खालच्या अंगाला डुंबणारी पोरं
जिभा काढकाढून एकमेकांना दाखवत होती,
की गोमा देसले, शिपायानं दंडाला धरलेला,
मला म्हणाला,
साहेब, अनवाणी आहात, खापरी रुतेल.
(चिखलात माझी चप्पल तुटली होती.
तेही लिहिलं नाही.)

गोमाची मुलगी आता उंच दांडीच्या ग्लासात
दोन बोटं ओतते.
आजोबा, लगेच नाही प्यायची,
आधी वास घ्यायचा.
मी वास घेतला.
खात्री केली.
तुरट, मग गोड, मग पुन्हा तुरट.
नात म्हणाली, आजोबांची जीभ बघा!
सगळे हसले, शेजारच्या टेबलावरचेसुद्धा.

मग ताटं आली.
सुक्या बोंबलाची चटणी, वालाचं बिरडं,
तांदळाची भाकरी, वाफ धरलेली,
तिच्यावर थापणाऱ्या बोटांचे ठसे उमटलेले,
पाचही.
मी त्या घरातून एकच नेला होता,
डाव्या अंगठ्याचा,
बाईचा, कारण गोमाचे हात बांधलेले होते.
शाई पुसायला तिला चिंधी दिली होती.
दिली होती बहुतेक.

आणि शेवळं.
सोडे घातलेली शेवळाची भाजी
आमच्या घरी चुलीवरून उतरायची तेव्हा
आई आधी स्वतः चाखून पाहायची,
मग पाच मिनिटं गप्प बसायची,
मगच आम्हाला वाढायची.
बायको गेल्यापासून घरात शेवळं आली नाहीत.
सुनेला ती झाडाची कुठली बाजू तेही ठाऊक नाही,
तिचा दोष नाही.

चांगुणाबाई पातेलं घेऊन स्वतः बाहेर आल्या.
मुलाला म्हणाल्या, दादा, घ्या.
सुनेला म्हणाल्या, ताय, लाजू नको.
माझ्यापाशी थांबल्या.
साहेब, वारू का?

साहेब तर सगळ्यांनाच म्हणतात.
वेटर म्हणतात, रिक्षावाले म्हणतात.
मी मान खाली घालून
भाकरीचा तुकडा मोडत राहिलो,
आणि त्यांनी वाढलेली भाजी
डावभर नव्हती, चांगली दोन डाव होती.

तिसऱ्या घासाला जिभेच्या मुळाशी
बारीक सुया टोचायला लागल्या.
मुलगा मजेत जेवत होता. सून फोटो काढत होती.
नात बोटं चाटत होती.
एकट्या माझ्याच घशात.

त्या अजून तिथंच उभ्या होत्या,
पदराला हात पुसत.
खाजतंय का वो घशान?
यंदा काकरं कमीच गावली.

मी म्हणालो, छे, छे.
आणि ताट पुढे केलं.