दोन दिवस

कलेक्टर कचेरीत इंगवल्यांनी हिशोब मांडला:
नऊ वर्षं गुणिले तीनशे पासष्ट,
गुणिले उद्यमनगरातली तेव्हाची हजेरी,
दोनशे दहा.

दस्तगीर शिकलगार लेथवरचा माणूस.
अर्ध्या सुताची चूक बोटाला कळते.
"दोन दिवस कमी भरत्यात, साहेब.
लीप वर्षं राहिली."

"चारशे वीस रुपयांसाठी?"
इंगवले हसले,
मग स्वतःचाच आकडा ऐकून गप्प झाले.

"पैसं ऱ्हाऊ द्या. दिवस लिवा.
त्यातल्या एका एकोणतीस फेब्रुवारीला
अम्मा कळंबा जेलच्या दारात
चारपर्यंत बसून गेली.
भेट न्हाई. डबा तेवढा आत आला.
परत ती आली न्हाई."

इंगवल्यांनी आकडा खोडला,
एकाच रेघेनं, खालचं दिसेल असा.
शेजारी सही करून लिहिलं:
तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी.