फेरे

मोह वेचायचे दिवस. खाटा अंगणात होत्या,
म्हणून सगळ्यांनीच पाहिलं:
आभाळातून जळत, तुटत काहीतरी गेलं
आणि बोडीपलीकडच्या बांधीत दणका बसला.

सकाळी तिथं एक कडं होतं.
बैलगाडीच्या धावेहून मोठं, एका अंगानं वितळलेलं.
पोरं त्यात उभी राहून फोटो काढत होती.
पोलीस पाटील म्हणाले, हात लावू नका.
मुखरू लोनबलेनं लावला.
नखानं खरवडलं, टिचकी मारून कान लावला,
जळालेल्या मोटरच्या बॉडीला लावतो तसा.
“चांगला माल आहे बे,” मला म्हणाला,
“एकाच खेपेत फेकला?”

दुपारी तहसीलची गाडी कडं घेऊन गेली.
बांधीत वाटोळा जळका डाग राहिला,
चिखलणीत तोही गेला.

मुखरूला मात्र नाद लागला.
फाट्यावरच्या दुकानात वार्निशच्या डब्याला
मोबाईल टेकवलेला, हातात तांब्याची तार.
परदेशातलं रॉकेट उलटं खाली यायचं,
बुडाखाली जाळ,
समुद्रातल्या तराफ्यावर पाय टेकायचं.
कधी एक पाय मोडायचा,
अख्खा खांब कलंडून भडकायचा.
मी हळहळलो की हसायचा:
“पयल्या साली माह्या किती मोटरी जळल्या, तुले का मालूम!”
हसण्यात फेरे चुकायचे.
पुन्हा एकपासून.

एकदा विचारलं, हे कितव्यांदा उडून आलं?
मी वाचून सांगितलं, एकोणिसाव्यांदा.
त्यानं तार खाली ठेवली.
काजळीनं काळं झालेलं ते धूड
बराच वेळ पाहत बसला.
“धुतलं नाही पाय. बरं केलं.
दुरुस्तीवाल्यानं रंग मारला
का समजाचं, आत काहीच नाही केलं.”

आपल्याकडेही चाललंय, मी म्हटलं, कर्नाटकात.
पंखवालं यान वरून सोडलं,
आपलं आपण धावपट्टीवर उतरलं.
“बेअरिंग कोणत्या कंपनीची?”
मला कुठं माहीत.

काल गुरनुले मोटर घेऊन आला.
सातव्यांदा जळली, म्हणाला, आता नवीनच घेतो.
मुखरूनं टिचकी मारली, कान लावला.
“थांब.”

बाहेर अंधारात बोडीवरून एक ठिपका
न लुकलुकता सरळ चालला होता.
दाखवणार होतो,
पण त्याचं मोजणं सुरू झालं होतं,
आणि मधे बोललेलं त्याला चालत नाही.