मापाच्या वहीचं मागचं पान

मापाची वही उलटी धरली
की मागून दुसरी वही सुरू होते.
पुढून: सोनवणे वहिनी, छाती अडतीस, बाही दहा,
गळा मटका, मागे नाडी.
मागून: सुरत. शनिवार, रविवार.
चौघी.

मी भारती शिंपी, आडनावानं आणि धंद्यानंही,
बांगड्यांच्या दुकानातली शमीम,
अंगणवाडीची निर्मला,
आणि बेबी बडगुजर, जिला बस लागते, रिक्षा लागते,
झोकासुद्धा लागतो,
म्हणून जी जन्मापासून खिडकी मागते.

घरी सांगितलं तेव्हा हे पेपराआडून म्हणाले,
“सुरतले? कोनं लगीन शे?”
कोणाचंच नाही.
“मंग दवाखाना?”
नाही.
“कोन मरनं मंग?”
नाही हो. सगळे जिवंत आहेत, धडधाकट आहेत,
म्हणूनच तर जातोय.
नंतर बराच वेळ
पेपराचं पान उलटलं नाही.

संक्रांत गेली, लग्नाचे ब्लाउज अजून यायचेत.
ही मधली फट बघून ठेवली होती
दोन वर्षांपासून.
अमळनेरहून सकाळची गाडी.
दशम्या निर्मलाच्या, दाण्याची चटणी माझी,
शमीमची उकडलेली अंडी वेगळ्या डब्यात,
बेबीपासून चार हात लांब.
नवापूरला गाडी थांबेल तेवढ्यात खाली उतरायचं.
ते स्टेशन अर्धं आपलं, अर्धं गुजरातचं.
शमीम म्हणते, मी मधोमध बसणार,
एक मांडी इकडे, एक मांडी तिकडे,
बघू कोण उठवतं.

निर्मलाला डुमसचा समुद्र.
पन्नाशी आली, पोरांना ‘स’ समुद्राचा शिकवते,
बघितला मात्र तक्त्यावरच.
शमीमला लोचो, आणि थंडी आहे तोवर पोंक.
बेबीला हॉटेलची लिफ्ट:
वर, खाली, पुन्हा वर,
उतरायचं कुठेच नाही.
(लिफ्ट लागली तर? बघू, म्हणाली.)
माझ्या नावापुढे मी काही लिहिलं नाही.
सुचत नव्हतं.

मग बातमी फुटली.
“जातेच आहेस तर” असं म्हणत म्हणत
गल्ली दुकानाची पायरी चढली.
जाऊबाईंच्या तीन साड्या, भाव पाडून.
मुख्याध्यापिकांचं पडद्याचं कापड, नमुना सोबत, तोही मळका.
सासूबाईंना घारी.
कोणाच्या तरी भाच्यासाठी एक मुलगी
उधन्याला, नुसती लांबून बघून यायची.
गुरुवारपर्यंत शनिवार भरला, रविवार भरला,
समुद्र सरकत सरकत समासात गेला
आणि लिफ्टवर कोणीतरी
चहाचा कप ठेवला होता.

रात्री शटर अर्धं ओढून मी ते पान वाचलं.
असा ब्लाउज कोणी घालून आली असती
तर म्हटलं असतं, बाई, काढ आधी,
यात श्वास कसा घेतेस?
कापड कितीही अपुरं असलं
तरी शिवणीच्या आत बोटभर माया सोडावी लागते.
ती दिसत नाही. तिचे पैसे कोणी देत नाही.
पण अंग भरतं, अंग उतरतं,
तेव्हा तीच कामाला येते.

खुणेची तांबडी पेन्सिल घेतली.
साड्या काटल्या. पडदे काटले.
उधन्याची मुलगी काटली, तिचंही भलं होवो.
घारी ठेवली. सासूबाई आहेत शेवटी.
आणि रविवार, चार ते सहा,
यापुढे लिहिलं: माया.

सकाळी शमीमनं पान पाहिलं.
“हे कुठं आलं सुरतेत? दुकान आहे का?”
नाही.
“खायचं काही?”
नाही गं.
“मग दोन तास करायचं काय तिथं?”
मी म्हटलं, तेच.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली,
हातातल्या बांगड्या वर सारून म्हणाली,
“चारच्या ऐवजी तीनपासून धर.”

तेवढ्यात बेबीचा फोन.
खिडकी कोणत्या बाजूची घेऊ, विचारत होती,
समुद्र गाडीच्या
कोणत्या अंगाला येतो?