शेऱ्याचा रकाना

सकाळी सातला पांढऱ्या पेटीचं दार उघडते.
ते उत्तरेकडं तोंड करून असतं,
उन्हानं परस्पर पाऱ्याला हात लावू नये म्हणून.
कोरडा फुगा एकोणीस. ओला चौदा पूर्णांक दोन.
वारा आग्नेय, नावापुरता.
शेरा : निरंक.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात निरंक एवढंच मावावं
असा कुणीतरी आखलेला.

मग फोन. मुनीरचाचा.
बत्तीस वर्षं हे आकडे त्यांनी लिहिले,
आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, आणि बाज रात्रभर गच्चीवर.
"क्या बोलरा पारा?"
मी सांगते. ते जरा थांबतात.
"एकोणीस नाही. माझ्या पायांना कमी लागलं."
मी परत जाऊन बघते.
अठरा पूर्णांक आठ असतं.
मी वरचा आकडा धरलेला.

होळीच्या आदल्या दिवशी ओल्या फुग्याचा कपडा बदलला.
नवी मलमल, चार दोऱ्यांची वात, बाटलीतलं शुद्ध पाणी.
हवा अशी कोरडी
की केस विंचरताना कंगवा चटचट बोलायचा,
आणि दोन फुग्यांमधलं अंतर
भांडलेल्या जावांइतकं.

शेवंता तेलंगे तारेच्या कुंपणाशी येऊन उभी :
"बाई, उद्या दव पडंल का?"
करडई काढायची होती.
दव पडलं की काटे मऊ येतात,
ऊन वर येईस्तोवर हात धरवतो.
मी तक्ता उलटला, बोट फिरवलं,
आणि तिचं तोंड बघून म्हणाले, "पडंल बहुतेक."

पडलं नाही.
दुसऱ्या दिवशी ती वाटेनं गेली.
मनगटांवर ओरखडे. बोलली काही नाही.

मग वारा रोज तोंड फिरवायला लागला.
सकाळी मन्याडकडून, दुपारी किल्ल्याकडून,
रात्री कुठून ते वातकुक्कुटालाही ठाऊक नव्हतं.
किमान बावीस, नंतर सतरा, परत एकवीस.
सकाळी स्वेटर, दुपारी उसाचा रस,
अर्धं कंधार दवाखान्याच्या पायरीवर खोकत.
कडुनिंबानं फुलावं की नाही
यावर चार दिवस घालवले.

बावीस मार्च, दुपारी चार दहा.
पत्र्यावर आधी एकच वाजली.
मग कुणी थांबलंच नाही. बारा मिनिटं.
पर्जन्यमापकाच्या नरड्यात गारांचा बोळा.
फोन त्यांचाच :
"वितळायची वाट बघू नको, पाणी उडतं.
गरम पाणी घाल. मोजून घाल.
नंतर वजा करायचं, भूलना नहीं बेटा."

समोरच्या टपरीवरून केरबानं पाणी दिलं,
वर चहाची पूड तरंगत होती.
मोजपात्रानं दहा मिलिमीटर. ओतलं.
गारा तडकल्या, बसल्या,
मग आपापला आकार सोडून मुकाट खाली उतरल्या.
एकूण एकोणतीस पूर्णांक चार.
वजा दहा, केरबाचे.
एकोणीस पूर्णांक चार, आभाळाचे.

रात्री लाईट नव्हती. मोबाईलच्या उजेडात लिहिलं :
गारा बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या.
पिंपळाखाली तीन पोपट.
उभी राहिलेली करडई आडवी. मी त्या दिवशी शेवंताला
रकाना संपला.
पुढचं समासात लिहायला हात उचलला,
आणि पेनाचं टोपण लावलं.

सकाळी किमान पंधरा पूर्णांक सहा.
"वर-खाली नाही ना धरलं?"
"नाही चाचा."
"हं. पायांना तेवढंच लागलं."

तारेला हात लावला तर ओला झाला.
गवतावर, पेटीच्या झडपांवर,
आडव्या करडईच्या प्रत्येक काट्यावर, भरपूर.
वारा उत्तर. ढग नाहीत.
शेरा : दव.

दुपारी दोनला परत चौतीस,
आणि तारेवर एक होला.