ञला चित्र नाही

वारज्यात आमच्या दारामागे तक्ता आहे,
एका कोपऱ्यातून सुटलेला.
ख खटाऱ्याचा.
खटारा मृणालनं पाहिलेला नाही.
मी सांगितलं, टेम्पोचा आजोबा.
ते तिनं मान्य केलं.

पण ङ आणि ञ,
या दोन चौकोनांत नुसताच पांढरा कागद.
"यांचं चित्र कुठंय?"
"यांना नसतं."
"का?"
मी गवार मोडत होते. म्हटलं,
"यांच्यापासून कुठला शब्दच सुरू होत नाही."
ती बराच वेळ दाराशी उभी राहिली,
मग ञवर हात ठेवला,
ताप पाहतात तसा.

नावात ऋकार ठेवला ही चूक आमचीच.
मृ. मच्या पायाशी तो आकडा
ती रोज उलटा काढते
आणि रोज माझ्यावर चिडते.
फेकलेली पेन्सिल नेमकी कपाटाखाली जाते.
ओरडायचं नाही असं ठरवून मी बसते
आणि सातव्या मिनिटाला ओरडते.

पहिला शब्द तिनं माझ्याकडून घेतलाच नाही.
माळवाडीच्या स्टॉपवर,
बसच्या कपाळावर, लाल दिव्यांत:
म. न. पा.
"मनपा!"
इतक्या मोठ्यानं, की कंडक्टर खाली वाकून बघायला लागला.
एक काना, बाकी सगळं मोकळं.
मनपा म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.
बस जिथं जाऊन माघारी वळते ते गाव,
एवढं तिचं तिला कळलं होतं.
मग टँकरवर मनपा, कचऱ्याच्या गाडीवर मनपा,
गुरुवारी पाणी येणार नाही त्या कागदावर मनपा.
आठवडाभर घरात दुसरा शब्द नव्हता.

तिचे बाबा चाकणला, रात्रपाळीला.
संध्याकाळी साडेपाचला त्यांची बस, सहाला मी घरात.
सकाळी सातला ते येतात, सव्वासातला मी निघते.
पंधरा मिनिटांत चहा होतो.
बाकीचं सगळं वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरवर:
दूध दोन. गॅस लावला. मृला खोकला, सरबत नको.

बुधवारी ते गेल्यावर मी लिहिलं,
असं जमत नाही. बोलू.
एकही जोडाक्षर नाही.
लिहिताना ते ध्यानात आलं नाही.

पेन अजून हातात होतं
आणि ती स्टुलावर चढली.
अ. सं.
ज, म, त.
प्रत्येक अक्षराला बोटाचा टेकू देत.
ना. ही.
आणि मग एकदम, सलग,
जवळजवळ माझ्याच आवाजात.
"आई, काय जमत नाही?"

अशा वेळी कुकरची शिट्टी व्हायला हवी होती.
झाली नाही.
"ञ," मी म्हटलं. "मला ञ काढायला जमत नाही."
हे तिला लगेच पटलं.
चित्रच नाही त्याला, जमणार कसं.

तिनं माझी बोटं धरली,
तिची मूठ गुळाच्या पोळीनं चिकट झालेली.
"घाई नाही करायची," म्हणाली,
"चुकलं तर चुकलं."
हे मी तिला कधी म्हटलं होतं?
म्हटलं असेल. पहिल्या सात मिनिटांत.
गुरुवारच्या चौकोनात आधीच लिहिलेलं होतं, पाणी नाही.
त्याच्यावरून आम्ही गेलो,
शुक्रवार, शनिवार,
ञ ञ ञ, काही पाठ फिरवून बसलेले,
एक तर थेट रविवारच्या लाल आकड्यावर.

सकाळी सातला ते आले.
एक बूट काढलेला, एक पायात,
तसेच कॅलेंडरपुढे थांबले.
माझी ओळ वाचली.
मग पुढचे सगळे ञ, एकेक, ओठ हलवत.
"हे काय लिहिलंय?"

आत मृणाल झोपेत कूस बदलत होती.
मी गाळणं खाली ठेवलं.
मनपाची सव्वासातची
जाऊ दिली.