चेंबर

मंगळवारी पहाटे मोरी उलटी बोलू लागली.
आधी नुसती गुळगुळ, मग काळं पाणी
पाटाच्या पायापर्यंत.

लोकमान्य नगरच्या मागच्या बोळात
करोसिया आला, खांद्यावर बांबूची लांब कामटी,
सोबत भाचा.
फरशी उचलली तसा सगळ्या गल्लीला वासावरून
घर कुठलं ते कळलं.

तो ओढत गेला.
हातभर. दोन हात.
मग माझ्या लुगड्याएवढं काहीतरी,
करडं, पीळ पडलेलं,
तेलाने माखलेलं, केसांनी टाचलेलं.
"कागज नहीं है भाभी, कपड़ा है ये.
गलेगा थोड़ी."

पाकिटावर निळा थेंब होता,
शेजारी एक हिरवं पान. मी तेवढंच वाचलं होतं.

अप्पांचं अर्धं अंग माघात गेलं.
दिवसातून चारदा, कधी सहादा
ते भिंतीकडे तोंड फिरवत
आणि मी पंख्याकडे बघत पुसायचे.
सकाळी कचरागाडी गात गात यायची.
गाडीवरची ताई डबा हलवून बघायची,
ओला कुठला, सुका कुठला.
तिला कळेल, वाटायचं,
की भूमितीचे रेशीमवाले सर आता...
म्हणून बटण दाबायचे.
पाणी गरकन फिरायचं, भांडं पांढरंशुभ्र.
शहर पहिलं. आम्हीही.

आश्विनात अप्पा गेले.
खेडीघाटाला नर्मदेत मूठ उघडली
तोवर पाणी नुसतं पाणी झालं होतं.
हे मात्र राहिलं.
बोळाच्या वळणावर, पाइपाच्या खरबरीत सांध्यात,
एकाने दुसऱ्याला धरून
माघ ते आश्विन, सगळं.

भाचा पँट दुमडून आत उतरू लागला.
करोसियाने मागून कॉलर धरली.
"उतरना नहीं."
एवढंच. पण त्या आवाजात
कधीतरी कोणीतरी उतरलेलं होतं.

मी जास्त पैसे पुढे केले.
त्याने ठरलेले मोजून घेतले, उरलेले
कठड्यावर ठेवले, वर खडा.
"गाड़ी में पीछे छोटा डिब्बा है ना,
इसी के लिए है. अखबार में लपेट के."
कामटी धुतली, आणि ते गेले.

कपाटात अर्धं पाकीट उरलंय.
काल झाकण उघडून बोट लावलं.
अजून ओलं आहे.