येणे बाकी

पडद्यावर सकाळपासून तीच पाटी:
‘आपली नोंदणी पूर्ण झालेली नाही.
हा प्रोग्राम आणखी तीन वेळा उघडता येईल.’
काल पाच होतं, डल्सीबाई म्हणाल्या,
मग मी उघडलाच नाही. झाकून ठेवला.
खरंच संगणकावर विणलेला रुमाल होता,
गरम पावावर टाकतात तसा.

गँडरहून मी दोन तास गाडी हाणत आलो होतो,
शेवटचा तुकडा धुक्यात, काच खाली करून,
समुद्र कुठल्या हाताला आहे ते ऐकत.
दुकानात दोर, डांबर, तांब्याचे खिळे, रबरी बूट.
महिनाअखेर कराचं विवरण,
आणि बारा वर्षांचा जमाखर्च त्या तीन वेळांच्या पलीकडे.

परवान्याचा क्रमांक हेडलीच्या अक्षरात,
रंगाच्या डब्याच्या झाकणावर, आतल्या अंगाला.
त्याचा एक सातासारखा, सात एकासारखा.
चार तऱ्हांनी घालून पाहिला.
अवैध. अवैध.
शाळेतही असाच लिहायचा, त्या म्हणाल्या,
मी मागच्या बाकावर. मला वाचता यायचं.

मग मदतीचा फोन. अठ्ठावीस मिनिटं पियानो.
शेवटी एक मुलगी, खूप दुरून, घसा बसलेला:
‘नोंदणी हेडली पेली यांच्या नावावर आहे.
मला त्यांच्याशीच बोलावं लागेल.’
फोन स्पीकरवर. डल्सीबाई चहात डब्यातलं दूध ओतत होत्या.
‘तो समुद्रावर आहे.’
‘परत कधी येतील?’
मी खाली बघितलं.
आमच्या सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे तो ऑक्टोबर.
बोट सापडली, तीही अर्धी.
बाईंची धार तुटली नाही.
‘लिही,’ म्हणाल्या, ‘येणे बाकी.’

थोडा वेळ तिकडून कळांचा आवाज.
मग तोही नाही.
‘माझ्याकडे तसा रकाना नाही,’ मुलगी म्हणाली,
कागदावर लिहून दिलेल्या आवाजात नव्हे, स्वतःच्या.
‘थांबा हं. संगणकातली तारीख बघता का एकदा?’

एक जानेवारी, दोन हजार दोन.
कोपऱ्यात, मुंगीएवढी. मी तासभर तिच्या शेजारीच चाचपडत होतो.
आतली बॅटरी मेली
की घड्याळ आपल्या जन्माच्या दिवशी परत जाऊन बसतं.
म्हणजे या यंत्राच्या हिशोबी, मी म्हणून गेलो,
परवाना अजून विकतच घेतलेला नाही,
दुकानावर कर्ज नाही,
आणि...

आणि हेडली मागच्या शेडमध्ये
खेकड्यांचे पिंजरे सांधतोय,
बाईंनी पुरं केलं.
मी स्क्रू काढायला हात घातला.
‘राहू दे जरा. चहा होऊ दे माझा.’

त्या सावकाश प्यायल्या.
फोनवरची मुलगी काही बोलली नाही, पियानोही लावला नाही.
‘हं,’ कप ठेवत, ‘बदल आता.’

बॅटरी त्यांच्याच दुकानातली, नाण्याएवढी,
खिडकीजवळच्या खिळ्यावर दोन टांगल्या होत्या.
मी खिशात हात घातला तर म्हणाल्या,
दुकानानं दुकानाकडून घेतली, तू कोण मधे?
तारीख आजवर आणली.
शेवटचा एक, तो सात निघाला.
हे बाईंनीच सांगितलं, झाकण डोळ्याशी धरून.
‘नवीन मालकाचं नाव?’
डल्सी मेरी पेली. मेरीचं स्पेलिंगही सांगितलं.
दुकानाचं नाव मात्र तेच ठेवा:
‘पेली आणि मुलगे’.
मुलगे दोन्ही अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर.

पहिली नोंद त्यांनी एका बोटाने केली:
बॅटरी, एक नग, नावे दुकान खर्च.
मग माझं बिल चष्मा वर करून वाचलं,
ओळीवर ओळ, नख फिरवत.
‘यात धुक्याचे लावलेस?’
नाही, म्हणालो.
‘लाव.’